उड्डाणाचा मुहूर्त वाऱ्याला ठरवू द्या

मा. संपादक यांस,
सप्रेम नमस्कार.

ठाणे आणि नवी मुंबईतील काही शाळा, गृहसंकुले व नागरिक मंडळे मिळून येत्या राष्ट्रीय विज्ञान दिनाच्या आगेमागे लोकविज्ञान महोत्सव भरवणार आहेत आणि त्याच्या उद्घाटनप्रसंगी प्रमुख पाहुण्यांच्या हस्ते विद्यार्थ्यांनी बनवलेला एक मोठा फुगा मैदानातून ‘अवकाशात’ सोडला जाणार आहे, असे वृत्त आपल्या दैनिकात वाचले. वाचून मनापासून आनंद झाला आणि तितकीच काळजीही वाटली. मी ठाण्यातील एका शाळेत सव्वीस वर्षे विज्ञान शिकवून निवृत्त झाले आहे. निवृत्तीनंतर आमच्या भागातील विज्ञान जत्रेसाठी आठवी ते अकरावीच्या बावीस मुलामुलींबरोबर असाच फुगा सोडण्याचा प्रयत्न आम्ही दोनदा केला. पहिल्यांदा तो उडाला नाही, दुसऱ्यांदा उडाला. त्या अनुभवातून आयोजकांना एकच विनंती करण्यासाठी हे पत्र लिहीत आहे : महोत्सवाची तारीख आणि फुग्याच्या उड्डाणाची तारीख एकमेकांना बांधू नका.

ही विनंती समजण्यासाठी हा फुगा नेमका काय असतो, ते आधी सांगितले पाहिजे. तो लॅटेक्सचा, म्हणजे नैसर्गिक रबराचा असतो आणि जगभरातील हवामान खाती वरच्या हवेचा वेध घेण्यासाठी याच जातीचे फुगे रोज सोडतात. आमचा फुगा बाराशे ग्रॅम वजनाचा होता. त्याला दोरीने आधी हवाई छत्री आणि तिच्याखाली थर्मोकोलची पेटी टांगलेली होती. छत्रीसह पेटीचे वजन बाराशे ग्रॅम, फुग्याचे स्वतःचे बाराशे आणि सेकंदाला सुमारे पाच मीटर वेगाने वर चढता यावे म्हणून साधारण तितकाच जास्तीचा जोर, असे सर्व मिळून ३.६ किलो उचलावे लागणार होते. जमिनीलगतच्या हवेत एक घनमीटर हेलियम जेमतेम एक किलो उचलते, त्यामुळे ३.६ घनमीटर वायू भरायचा, हा हिशेब मुलांनी फळ्यावर स्वतः मांडला. भरल्यावर फुग्याचा व्यास दोन मीटरच्या जवळ येतो. वर जाताना बाहेरच्या हवेचा दाब कमी होतो तसा तो फुगत जातो. तीस किलोमीटरवर दाब जमिनीवरच्या जवळजवळ एक टक्का इतकाच उरतो आणि तेथे त्याचा व्यास साडेसात-आठ मीटर झालेला असतो. त्यापलीकडे कोठेतरी रबराला ताण सोसवत नाही, फुगा फुटतो आणि पेटी छत्रीच्या आधाराने खाली येते. सारा प्रवास दोन ते अडीच तासांचा. पुस्तकातील बॉइलचा नियम, उत्प्लावक बल आणि अंतिम वेग हे तिन्ही मुलांसमोर एकाच सकाळी प्रत्यक्ष उभे राहतात.

वृत्तात ‘अवकाशात’ आणि ‘विद्यार्थ्यांचा उपग्रह’ असे शब्द आले आहेत. मुलांना शिकवताना शब्द नेमके वापरावेत म्हणून नोंदवते, की अवकाशाची सीमा सहसा सुमारे १०० किलोमीटर मानली जाते, हा फुगा तिच्या एक तृतीयांश उंचीपर्यंतच पोहोचतो आणि तो पृथ्वीला प्रदक्षिणाही घालत नाही. तो स्थितांबरात, म्हणजे वातावरणाच्या खालून दुसऱ्या थरात जातो आणि स्थितांबर हीच मुळात पाहण्यासारखी जागा आहे. तेथून आकाश भर दिवसा काळे दिसते आणि क्षितिज सहाशे किलोमीटरांहून अधिक दूर असते. शिवाय आपल्या देशात संशोधनासाठी फुगे सोडण्याची परंपरा जुनी आहे. विश्वकिरणांचा, म्हणजे अवकाशातून येणाऱ्या भेदक किरणांचा शोध ऑस्ट्रियाच्या व्हिक्टर हेस यांनी १९१२ मध्ये फुग्यातून पाच हजार मीटरांपेक्षा उंच जाऊन लावला. डॉ. होमी भाभा यांनी त्याच विश्वकिरणांच्या अभ्यासासाठी भारतात फुगे वापरायला सुरुवात केली आणि टाटा मूलभूत संशोधन संस्थेने १९६९ मध्ये हैदराबादला फुग्यांचे कायमस्वरूपी केंद्र उभारले. डॉ. जयंत नारळीकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००१ व २००५ मध्ये याच केंद्रातून ४१ किलोमीटर उंचीपर्यंतच्या हवेचे नमुने गोळा केले. दुसऱ्या उड्डाणातील नमुन्यांत जिवाणूंच्या तीन नव्या जाती आढळल्या, त्यांपैकी एकीला ब्रिटिश खगोलशास्त्रज्ञ फ्रेड हॉइल यांचे, एकीला इस्रोचे आणि एकीला आर्यभटाचे नाव दिले गेले. हे काम एका मराठी माणसाच्या पुढाकाराने झाले, हे आमच्या बावीसपैकी एकालाही ठाऊक नव्हते. ठाऊक झाल्यावर मात्र आपल्या पेटीत काय ठेवायचे, याविषयी त्यांच्या कल्पनांना एकदम धार आली.

आता मैदानाविषयी. ठाण्यातील किंवा नवी मुंबईतील कोणत्याही मैदानातून असा फुगा सोडण्याचा विचार आयोजकांनी कृपया सोडून द्यावा. एका बाजूला मुंबईचा विमानतळ आहे आणि दुसऱ्या बाजूला नवी मुंबईच्या विमानतळावरून २५ डिसेंबर २०२५ पासून प्रवासी विमाने ये-जा करू लागली आहेत. खाडीपलीकडे ट्रॉम्बे येथे भाभा अणुसंशोधन केंद्र आहे आणि त्यावरून उड्डाणास मनाई आहे. सेकंदाला पाच मीटर वेगाने चढणाऱ्या फुग्याला प्रवासी विमानांची बारा किलोमीटरची उंची ओलांडायला चाळीस मिनिटे लागतात आणि तेवढा वेळ तो वाऱ्याच्या मर्जीवर असतो. त्याला सुकाणू नसते. आणि समजा सर्व परवानग्या मिळाल्या, तरी पेटी उतरणार कोठे? वाशी, ऐरोली, कळवा, मुंब्रा येथील दाट वस्तीत, लोहमार्गावर, खाडीच्या कांदळवनात किंवा येऊरच्या जंगलात. यांपैकी एकही जागा चालणार नाही.

म्हणून फुगा घाट ओलांडून पठारावर न्यावा लागतो आणि तोही हिवाळ्यात. पावसाळ्यात आपल्या डोक्यावर चौदा-पंधरा किलोमीटर उंचीवर पूर्वेकडून पश्चिमेकडे अतिशय वेगवान वारा वाहतो. पी. कोटेश्वरम या भारतीय हवामानशास्त्रज्ञांनी १९५८ मध्ये त्याचे वर्णन केले. त्या दिवसांत सोडलेले काहीही समुद्राच्या दिशेने सरकते. डिसेंबर ते फेब्रुवारीत मात्र वरचे वारे पश्चिमेकडून येतात आणि फुगा जमिनीकडेच, पूर्वेला जातो. २८ फेब्रुवारी हा विज्ञान दिन, म्हणजे सी. व्ही. रामन यांनी १९२८ मध्ये आपला शोध जाहीर केला तो दिवस, या ऋतूच्या शेवटी येतो, ही आपल्यासाठी मोठी सोय आहे. हंगाम मिळतो, दिवस मात्र आपण ठरवायचा नसतो. केंब्रिज विद्यापीठातील विद्यार्थ्यांनी बनवलेली एक विनामूल्य संगणकप्रणाली वाऱ्यांच्या अंदाजावरून पेटी कोठे उतरेल ते सांगते. आम्ही सलग पस्तीस दिवस रोज संध्याकाळी तिच्यात आकडे भरून नकाशावर टाचण्या लावल्या. त्या टाचण्या पाहताच मुलांना कळले, की एके दिवशी पेटी मोकळ्या रानात उतरते आणि दुसऱ्या दिवशी त्याच वेळी सोडली तर धरणाच्या पाण्यात.

परवानग्यांविषयी थोडक्यात सांगते. आंतरराष्ट्रीय नियमांत चार किलोपेक्षा कमी वजनाची पेटी नेणारा फुगा हलक्या वर्गात मोडतो, पण हलका म्हणजे बिनपरवाना नव्हे. नागरी विमान वाहतूक महासंचालनालय, विमानतळ प्राधिकरणाचा हवाई वाहतूक नियंत्रण कक्ष, जिल्हा प्रशासन आणि पोलीस ठाणे, या सर्वांशी पत्रव्यवहार करावा लागतो आणि त्याला महिने लागतात. रेडिओसाठी हॅमची, म्हणजे हौशी रेडिओचालकाची परीक्षा दिलेली व्यक्ती गटात असली तर उत्तम. ही परीक्षा वयाच्या बाराव्या वर्षापासून देता येते आणि आमच्यातील दोन मुलांनी ती देऊन परवाना मिळवला. अर्ज मुलांनीच लिहावेत, मोठ्यांनी फक्त सह्या कराव्यात, असा माझा आग्रह होता. सहा महिन्यांत त्यांनी सतरा पत्रे लिहिली आणि शेवटची चार मला दुरुस्त करावी लागली नाहीत.

आमच्या पहिल्या प्रयत्नाची हकीकत जरा विस्ताराने सांगते, कारण माझी विनंती तिच्यातूनच आली आहे. जानेवारीच्या अखेरचा शनिवार होता. आम्ही आदल्या रात्रीच सोलापूर जिल्ह्यातील एका गावच्या शाळेत मुक्कामाला पोहोचलो होतो. उड्डाणासाठी आम्हाला सकाळी सात ते साडेआठ एवढाच अवधी मंजूर झाला होता आणि सोडण्यापूर्वी नियंत्रण कक्षाला दूरध्वनी करून होकार घ्यायचा होता. त्याच वेळी ठाण्यातील एका सभागृहात जत्रेचे उद्घाटन होते. दोन्हीकडे पडदे आणि कॅमेरे लावले होते आणि व्यासपीठावरून पाहुण्यांनी ‘सोडा’ म्हणायचे आणि मैदानात मुलांनी फुगा सोडायचा, असा कार्यक्रम आयोजक मंडळाने आखला होता. मीही त्याला मान्यता दिली होती, हे सांगितले पाहिजे.

पावणेसातला वारा अगदी पडलेला होता. शाळेसमोरच्या चुलीचा धूर सरळ वर जात होता. मुलांनी जमिनीवर स्वच्छ चादर अंथरली, सुती हातमोजे घातले, कारण हाताचे तेल आणि नखे दोन्ही रबराला घातक असतात, आणि सिलिंडरची किल्ली हळूहळू उघडली. फुग्याच्या मानेला ताणकाटा लावून ओढ मोजत मोजत २.४ किलोपर्यंत, म्हणजे ३.६ मधून फुग्याचे स्वतःचे वजन वजा जाता उरते तितकी, आणली. पंचवीस मिनिटे कोणी मोठ्याने बोलले नाही. साडेसातला सर्व तयार होते. पेटीतील यंत्रांचे संदेश संगणकावर उमटत होते आणि नियंत्रण कक्षाने होकार दिला होता. फक्त ठाण्यातून निरोप येत नव्हता. पाहुणे घोडबंदर रस्त्यावरील वाहतूक कोंडीत अडकले होते.

आठ वाजता पहिली झुळूक आली. सव्वाआठला फुगा डोलू लागला आणि चार मुलांना तो धरून ठेवणे जड जाऊ लागले. ठाण्यातून दर काही मिनिटांनी, पाहुणे पाचच मिनिटांत पोहोचत आहेत, असे सांगितले जात होते. उड्डाणप्रमुख म्हणून मुलांनी आपल्यातून नववीतील एका मुलीची निवड केली होती आणि सोडायचे की थांबायचे हा शब्द तिचाच, असे आमच्या वहीच्या पहिल्या पानावर लिहिलेले होते. बरोबर साडेआठला ती माझ्याकडे आली आणि म्हणाली, ‘बाई, वेळ संपली.’ आठ वाजून बत्तीस मिनिटांनी पाहुणे व्यासपीठावर आले. मंडळातील एका ज्येष्ठ सदस्याने दूरध्वनीवरून सांगितले, की दोन मिनिटांनी काही बिघडत नाही, सोडून द्या, इकडे सहाशे माणसे बसली आहेत. त्या मुलीने दूरध्वनी माझ्या हातून घेतला आणि शांतपणे उत्तर दिले : ‘साडेआठपर्यंतच परवानगी होती. त्यानंतर वरून विमान जाणार असेल तर आपल्याला कसे कळणार?’

फुग्यातील वायू आम्ही मोकळा सोडला. एकदा भरलेला फुगा पुन्हा वापरता येत नाही आणि हेलियम तर हवेत जाते ते जातेच. साऱ्या खर्चात सर्वांत मोठा वाटा त्याचाच असतो. मुले रडली. परतीच्या प्रवासात कोणी गाणी म्हटली नाहीत. दुसऱ्या दिवशी स्थानिक बातमीत ‘विद्यार्थ्यांचा प्रयोग फसला’ असे छापून आले. संपादक महोदय, माझ्या सव्वीस वर्षांच्या नोकरीत आणि त्यानंतरही, कोणा विद्यार्थ्याने विज्ञान इतके नीट समजून घेतल्याचे मी पाहिले नाही. चौदा वर्षांच्या मुलीने सहाशे माणसांच्या अपेक्षेसमोर आणि वडीलधाऱ्यांच्या आग्रहासमोर नियमामागचे कारण सांगितले आणि ती त्याला धरून राहिली. फसले असेल तर आम्हा मोठ्यांचे नियोजन फसले. वाऱ्याच्या आणि विमानांच्या वेळापत्रकाला आम्ही हारतुऱ्यांचे वेळापत्रक जोडले आणि त्याची किंमत मुलांनी मोजली.

तीन आठवड्यांनी आम्ही पुन्हा गेलो. या वेळी ना पाहुणे होते, ना पडदा. टाचण्यांचा नकाशा पाहून आदल्या दिवशी दुपारी मुलांनी ‘उद्या’ असे सांगितले आणि सकाळी सात वाजून अकरा मिनिटांनी फुगा हातांतून निसटला. पहिली काही मिनिटे तो डोळ्यांना दिसत होता, नंतर फक्त आकडे येत राहिले. तपांबर संपून स्थितांबर सुरू होते त्या सोळा-सतरा किलोमीटरच्या पट्ट्यात आपल्या उष्ण प्रदेशावर ध्रुवांपेक्षाही अधिक थंडी असते, हे पुस्तकातील वाक्य आहे. आमच्या पेटीबाहेरील तापमान उणे ७८ अंशांवर गेले, तेव्हा बावीस जण एकदम ओरडले. त्याच्यावर गेल्यावर आकडा पुन्हा वाढू लागला आणि ओझोनमुळे स्थितांबर तापते हा धडा आठवीतील एका मुलाने मला न विचारता शेजारच्या गावकऱ्यांना समजावून दिला.

मग अठरा किलोमीटरवर जीपीएसची नोंद थांबली. आम्ही हादरलो. पुष्कळशा साध्या जीपीएस यंत्रांत, ती क्षेपणास्त्रांसाठी वापरली जाऊ नयेत म्हणून, ठरावीक उंचीवर बंद पडण्याची मर्यादा घातलेली असते आणि काहींत उड्डाणासाठीची वेगळी आज्ञा आधी द्यावी लागते. हे यंत्राच्या पुस्तिकेत लिहिलेले होते आणि आम्ही ते पान वाचले नव्हते. दाब मोजणारा संवेदक मात्र दहा हेक्टोपास्कलपर्यंत वाचणारा निवडला होता. त्याच्या ११ हेक्टोपास्कल या शेवटच्या आकड्यावरून, फुगा एकतीस किलोमीटरच्या जवळपास फुटला असावा, असे मुलांनी मागाहून काढले. उतरताना अठरा किलोमीटरखाली जीपीएस पुन्हा बोलू लागले. पेटी कर्नाटकाच्या हद्दीत, आमच्या अंदाजापासून चौदा किलोमीटर दूर, उभ्या शाळूच्या शेतात पडली. तिच्यावर मराठी, हिंदी, कन्नड आणि तेलुगू अशा चार भाषांत ‘हा शाळकरी मुलांचा हवामानाचा डबा आहे, धोका नाही, कृपया या क्रमांकावर कळवा’ असे लिहिलेले होते. कन्नड ओळ वाचूनच त्या शेतकऱ्यांनी दूरध्वनी केला आणि आम्ही पोहोचेपर्यंत पेटी घरात नेऊन उंच ठेवली. पिकात बावीस मुले शिरू नयेत म्हणून ती घ्यायला दोघेच गेले. अनोळखी यंत्र शेतात पडले की गावात घबराट पसरते, म्हणून टाटा संस्थेच्या हैदराबाद केंद्राकडूनही उड्डाणांपूर्वी आसपासच्या जिल्ह्यांतील लोकांसाठी निवेदन काढले जाते. आपणही वाटेतील पोलीस पाटील आणि सरपंचांना आधी कळवले पाहिजे.

कोणी म्हणेल, उड्डाण सोलापूरकडे आणि तेही निराळ्या दिवशी, तर मग ठाणे-नवी मुंबईच्या महोत्सवात लोकांनी पाहायचे काय? माझे उत्तर असे, की पाहण्यासारखे जवळजवळ सारे काम येथेच होते आणि महोत्सवाने तेच लोकांसमोर आणावे. आमची पेटी मासळी बाजारात मिळणाऱ्या थर्मोकोलच्या खोक्यातून बनली. रेडिओची परीक्षा आम्ही येऊरची टेकडी ते पारसिकचा डोंगर अशी घेतली. एका टोकाला पेटी, दुसऱ्या टोकाला हाताने बनवलेला अँटेना आणि मधे सारे शहर. नवी मुंबईतील तुर्भ्याच्या घाऊक बाजाराजवळील एका शीतगृहाच्या मालकांनी उणे वीस अंशांत पेटी रात्रभर ठेवू दिली. तेथे साध्या बॅटऱ्या पहाटेपर्यंत मेल्या आणि लिथियमच्या टिकल्या. त्यानंतर कोरडा बर्फ आणला. त्याचे तापमान उणे ७८ अंश, म्हणजे बरोबर त्या वरच्या पट्ट्याइतके. तेव्हा लक्षात आले, की बाजारात सहज मिळणारा तापमानाचा संवेदक उणे ५५ अंशांखाली वाचतच नाही. म्हणून आम्ही प्लॅटिनमचा संवेदक बसवला. हे काम हवेशीर जागेत, जाड हातमोजे घालून आणि मोठ्यांच्या देखरेखीखालीच करावे. महोत्सवाच्या एका कोपऱ्यात कोरड्या बर्फाची अशी पेटी आणि तिच्यात थकत जाणारी बॅटरी ठेवली, तर आजी-आजोबांपासून बालवाडीच्या मुलांपर्यंत सगळे तेथे थांबतील, याची मला खात्री आहे. आमच्या जत्रेत तरी थांबले होते.

मेथी आणि मुगाचे दाणे वर पाठवायची कल्पना सहावीतील एका धाकट्या भावाची. त्याच पुडीतील अर्धे दाणे खाली ठेवायचे हे त्याला सुचले नव्हते, ते त्याच्या बहिणीने सुचवले. उड्डाणानंतर दोन्ही कुंड्या शेजारी ठेवल्या होत्या आणि लोक येऊन रोपे मोजत होते. फरक काही दिसला नाही. ‘फरक दिसला नाही’ असेच फलकावर लिहायचे, की कोपऱ्यात ठेवून विसरून जायचे, यावर मुलांची एक संपूर्ण संध्याकाळ वादात गेली. लिहायचे ठरले.

हेलियमविषयीही आपल्याकडे सांगण्यासारखे आहे. १८ ऑगस्ट १८६८ च्या खग्रास सूर्यग्रहणाचा पट्टा भारतावरून गेला होता. त्या वर्षी सूर्याच्या प्रकाशात जी अनोळखी पिवळी रेषा आढळली, तिच्यावरून पुढे या मूलद्रव्याला सूर्याचे नाव मिळाले. त्या ग्रहणाची आठवण म्हणून विजयदुर्गावरील ‘साहेबाचे कट्टे’ आजही दाखवले जातात. मात्र हेलियम महाग पडते म्हणून कोणी हायड्रोजनची वाट सुचवली, तर आयोजकांनी ती ठामपणे नाकारावी. हवामान खात्यातील प्रशिक्षित माणसे हायड्रोजन वापरतात, पण मुले, गर्दी आणि ध्वनिक्षेपकाच्या तारा असलेल्या ठिकाणी त्याचे नावही काढू नये.

आणि याच महोत्सवात उद्घाटनाला शेकडो रंगीत फुगे आकाशात सोडण्याचा बेत असेल तर तोही रद्द करावा, ही हात जोडून विनंती. आपल्या ठाणे खाडीत रोहित पक्षी येतात, तिला अभयारण्याचा दर्जा आहे आणि ते फुगे, त्यांच्या प्लॅस्टिकच्या फिती शेवटी तेथेच जाऊन पडतात. आमच्या एका फुग्याचे फाटलेले रबर छत्रीच्या दोरीला अडकून परत आले, तेव्हा मुलांनी त्याचे वजन केले. बाराशेपैकी चारशे दहा ग्रॅम परत आले होते. उरलेले कोठे गेले, हा प्रश्न त्यांनीच फलकावर लिहिला आणि खाली उत्तराची जागा कोरी ठेवली.

दोन्ही महानगरपालिकांनी या कामात लक्ष घालावे, असे मला वाटते, पण पैशांपुरते नाही. आमच्या बावीस जणांत पालिकेच्या मराठी शाळांतील सातच मुले होती आणि त्यांना पठारावर नेण्यासाठी पालकांची संमती, सुट्टी आणि गाडीभाडे मिळवताना जितका वेळ गेला, तितका हवाई परवानगीलाही गेला नाही. पालिकेच्या शिक्षण विभागाने ऑगस्टमध्येच गट निवडून पत्रव्यवहाराला आपले नाव दिले, तर जानेवारीपर्यंत परवानगी हाती येऊ शकते आणि तीही एका सकाळची न मागता पंधरा दिवसांतील कोणत्याही तीन सकाळींची मागावी. महोत्सवाच्या निमंत्रणपत्रिकेवर ‘फुग्याचे उड्डाण’ असे छापू नये, ‘फुग्याने आणलेल्या नोंदी’ असे छापावे. उड्डाण झालेच नाही तर ते का झाले नाही, हे उड्डाणप्रमुखाने व्यासपीठावरून सांगावे आणि आपल्यासारख्या वृत्तपत्रांनी तेही तितक्याच जागेत छापावे.

आमची हवाई छत्री अजून चांगली आहे. ताणकाटा, सुती हातमोजे, हाताने बनवलेला अँटेना, चार भाषांतील मजकुराचे कागद आणि सतरा पत्रांच्या प्रतींसह ती वही माझ्याकडे जपून ठेवलेली आहे. जीपीएसच्या पुस्तिकेतील ते न वाचलेले पान मुलांनी वहीच्या मुखपृष्ठावरच चिकटवले आहे. उड्डाणप्रमुख असलेली मुलगी आता अकरावीत आहे आणि नव्या गटाबरोबर शनिवारी संध्याकाळी बसायची तिची तयारी आहे. आयोजकांना यांपैकी काहीही उपयोगी पडत असेल, तर माझा पत्ता आपल्या कार्यालयात दिला आहे, त्यांनी तो मागून घ्यावा.

आपली नम्र,
एक निवृत्त विज्ञान शिक्षिका,
पाचपाखाडी, ठाणे